अध्ययनातील अडथळे आणि मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य

ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार या तीन वस्त्या मिळून आजचे ग्वाल्हेर शहर झाले आहे. त्यांपैकी पूर्वेकडील मुरार ही मूळची छावणीची वस्ती. इंग्रजी अमदानीत तेथे फौजेचा तळ होता आणि १८८६ साली ती किल्ल्यासह शिंदे सरकारास परत मिळाली. शिंदेशाहीबरोबर या परिसरात आलेली अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत आहेत. अशा घरातील मूल आजीशी मराठीत बोलते, गल्लीत हिंदीत खेळते आणि शाळेत हिंदी वा इंग्रजी माध्यमातून शिकते. बहुतेक मुले हा तिपेडी व्यवहार सहज पेलतात. परंतु एखादे मूल तिसरी-चौथीत पोचूनही धड्यातील दोन ओळी सलग वाचू शकत नाही, वहीतील अक्षरे लागत नाहीत, गुरुजींनी सांगितलेले वाक्य पुरे होण्याआधीच त्याचे लक्ष खिडकीबाहेर गेलेले असते. मग घरीदारी कारणांचा शोध सुरू होतो. शाळा म्हणते, घरी मराठी बोलतात म्हणून मुलाचे हिंदी कच्चे राहिले. वडील म्हणतात, आळशी आहे. शेजारी दबक्या आवाजात म्हणतात, डोक्यानेच कमी असावे.

ही तीनही कारणे क्वचित खरी असतात. पण मुलाची बुद्धी चांगली, डोळे-कान शाबूत, घरी अभ्यासाची सोय आणि शाळेत शिकवणेही बरे, असे असूनही वाचन, लेखन वा गणित यांपैकी एखादी गोष्ट त्याला साध्य होत नाही, अशी चौथी शक्यता असते, आणि ती सहसा कोणी विचारात घेत नाही. या अवस्थेस विशिष्ट अध्ययन अक्षमता असे म्हणतात. तिची परीक्षा करण्याचे व तिच्यावर मार्ग दाखवण्याचे काम मुख्यतः मानसशास्त्रज्ञ करतो. हे काम नेमके कसे चालते याविषयी पालकांत व शिक्षकांतही पुष्कळ गैरसमज असल्याने त्याची काहीशी तपशीलवार माहिती येथे देत आहोत.

हा विकार आधुनिक काळाने किंवा दूरचित्रवाणीने निर्माण केला, अशी एक समजूत आढळते. इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ सालीच एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. तो मुलगा खेळात व तोंडी उत्तरांत कोणाला हार जात नसे, मात्र छापील शब्द त्याला वाचता येत नसत. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याआधी १८८७ मध्ये जर्मनीतील एका नेत्रवैद्याने योजला होता, आणि ‘अध्ययन अक्षमता’ ही व्यापक संज्ञा अमेरिकेतील सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये रूढ केली. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा समावेश केला. वाचनाची, लेखनाची आणि गणनाची अक्षमता हे तिचे नेहमी आढळणारे प्रकार होत. एकाच मुलात त्यांपैकी दोनही असू शकतात.

अवधानाची अडचण हा वेगळा विषय आहे, जरी दोन्ही पुष्कळदा हातात हात घालून येतात. तिला अवधानन्यूनता व अतिचंचलता किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीएचडी म्हणतात. जगभरच्या पाहण्यांचा सर्वसाधारण निष्कर्ष असा की शंभर मुलांत सुमारे पाच मुलांना ती असते. चंचल असणे हा तर बालपणाचा धर्मच होय; म्हणून निदानासाठी काही कसोट्या ठरवलेल्या आहेत. लक्षणे निदान सहा महिने टिकलेली असावीत, वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली असावीत आणि घर, शाळा, खेळाचे मैदान यांपैकी किमान दोन ठिकाणी ती जाणवावीत. केवळ गणिताच्या तासाला चुळबुळ करणाऱ्या मुलाला हे नाव देता येत नाही. त्याची तक्रार गणिताविषयी असते किंवा, स्पष्टच सांगायचे तर, गणित शिकवण्याविषयी. उलटपक्षी शांत बसून स्वतःच्याच विचारात हरवणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, त्यामुळे तिची अडचण वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

भाषेचा गुंता

मुरारच्या मुलाबाबत परीक्षकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो भाषेचा. हिंदी व मराठी यांची लिपी एक, पण लेखनाचे नियम वेगळे. मराठी घरातील मुलाने हिंदीच्या वहीत ‘पानी’ऐवजी ‘पाणी’ लिहिले किंवा ‘मेरी किताब’ऐवजी ‘मेरा किताब’ म्हटले, तर तो घरच्या भाषेचा ठसा होय. अशी चूक त्याचे चांगले वाचणारे भावंडही करते आणि ती दोन-तीन वर्षांत आपोआप निवळते. परंतु ‘कमल’ हा शब्द ‘कलम’ असा वाचणे, ‘बिल्ली’ लिहिताना वेलांटी व जोडाक्षर दोन्ही गाळून ‘बली’ लिहिणे, ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत वर्षानुवर्षे गल्लत होणे, ओळीतील पहिल्या अक्षरावरून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देणे, अशा चुका दोन्ही भाषांत सारख्याच दिसू लागल्या की त्यांचा दोष मराठीवर टाकता येत नाही. ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालण्यातच कोठेतरी अडथळा आहे, असे ते चिन्ह असते.

देवनागरी लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक आहे हे खरे. तथापि शिकणाऱ्याला ती वाटते तितकी सोपी नाही. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी काढावी लागते. ‘र’ हे एकच अक्षर ‘सूर्य’, ‘चंद्र’ आणि ‘राष्ट्र’ या तीन शब्दांत तीन रूपे घेते. सरावलेल्या डोळ्याला याची जाणीव राहत नाही, पण अडखळणाऱ्या मुलाची गाडी नेमकी येथेच रुतते.

संख्यांची कथा तशीच. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो व लिहिताना दोन आधी लिहितो, त्यामुळे २५ चे ५२ होणे हे पहिली-दुसरीत नवल नव्हे. ‘एकोणसाठ’ म्हणायचे आणि पन्नासावर नऊ लिहायचे, हीही एक कसरतच. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी संख्यावाचनाची पर्यायी पद्धत आली तेव्हा, २०१९ साली, महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती हे येथे ठरवण्याचे कारण नाही. मुलांची अडचण मात्र खरी होती. मुरारचे मूल आजीकडून मराठीत पाढे शिकते आणि वर्गात तेच हिंदीत म्हणते. म्हणून परीक्षकाने मुलाला कोणत्या भाषेत मोजायला आवडते हे आधी विचारून घ्यावे लागते. सोलापूर, बेळगाव, आदिलाबाद या सीमाभागांतील मुलांना, तसेच घरी कोरकू, गोंडी वा भिल्ली बोलून शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलांनाही हा सारा विचार लागू पडतो.

या दृष्टीने उपयुक्त ठरेल असे एक साधन देशातच तयार झाले आहे. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाचा चाचणीसंच प्रसिद्ध केला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत आहे. त्यातील प्राथमिक छाननीचा भाग शिक्षकांसाठी आहे, एक पहिली-दुसरीकरिता आणि दुसरा तिसरी ते पाचवीकरिता. सविस्तर परीक्षेचा भाग मानसशास्त्रज्ञांनी वापरायचा आहे. मराठीत बोलणाऱ्या व हिंदीत शिकणाऱ्या मुलाची दोन्ही भाषांतून पारख करण्याची सोय त्यामुळे झाली.

परीक्षा कशी होते

मानसशास्त्रज्ञाकडे जाण्यापूर्वी मुलाचे डोळे व कान तपासून घ्यावेत. चष्म्याचा नंबर, कानातील जुना स्राव, रक्तातील लोहाची कमतरता, अपुरी झोप यांमुळेही मूल मागे पडते. अपस्माराच्या एका सौम्य प्रकारात मूल काही क्षण कोऱ्या नजरेने पाहत राहते व पुन्हा कामाला लागते. वर्गात त्याला ‘लक्ष नसणे’ असेच नाव मिळते. हा झटका आहे हे ओळखणे वैद्याचे काम होय.

त्यानंतरची परीक्षा एका बैठकीत उरकत नाही. पहिल्या बैठकीत बहुतेक वेळ पालकांशी बोलण्यात जातो. बाळंतपणात काही अडचण आली होती काय, मूल कधी बोलू लागले, झटके आले होते काय, घराण्यात कोणाला वाचन जड जात होते काय, असे प्रश्न विचारले जातात. शेवटच्या प्रश्नावर पुष्कळदा वडीलच किंचित ओशाळून स्वतःच्या शाळेच्या दिवसांविषयी सांगू लागतात, कारण ही अडचण घराण्यात उतरत असल्याचे आढळते. मागील दोन-तीन वर्षांच्या वह्या सोबत न्याव्यात. प्रगतिपुस्तकातील गुणांपेक्षा त्या अधिक सांगतात. शिक्षकांनी लिहिलेले चार शब्दही मोलाचे ठरतात, मात्र ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढ्या शेऱ्याचा उपयोग होत नाही. मूल किती वेळ एका जागी बसते, फळ्यावरून उतरवताना किती ओळी सुटतात, तोंडी विचारल्यास उत्तर देते काय, असे नेमके लिहावे.

दुसऱ्या बैठकीत बुद्धिमापन होते. या कामात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी रचली. पुढे १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातील मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. ‘बिने-कामत’ या नावाने ती चाचणी आजही ओळखली जाते. त्यानंतर नागपूर येथे काम केलेल्या डॉ. आर्थर मालिन यांनी १९६० च्या दशकात भारतीय मुलांसाठी आणखी एक मापनी सिद्ध केली. तिच्यात प्रश्नोत्तरांचा शाब्दिक भाग असतो, तसाच ठोकळे जुळवणे, चित्रातील उणीव ओळखणे, चक्रव्यूहातून वाट काढणे असा कृतीचाही भाग असतो. वाचता न येणारे मूल ठोकळ्यांची नक्षी भराभर जुळवते तेव्हा समोर बसलेल्या आईचा चेहरा उजळतो, असे या क्षेत्रातील मंडळी सांगतात. सांगितलेले अंक सुलट व उलट क्रमाने म्हणण्याच्या कसोटीत अवधानाची कल्पना येते. या चाचण्यांतील प्रश्न गुप्त ठेवलेले असतात. ते कोठून तरी मिळवून मुलाकडून घोकून घेणारे पालकही आहेत. त्याने मुलाची खरी कुवत झाकली जाते आणि मूळ हेतूच फसतो. चाचणीच्या दिवशी मुलाची न्याहारी झालेली असावी, झोप पुरी झालेली असावी, आणि चष्मा असल्यास तो घरी विसरू नये.

तिसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष वाचन, शुद्धलेखन, आकलन व गणित यांची परीक्षा होते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत बुद्ध्यंक ८५ हून अधिक असल्यास बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या चाचण्या वापरण्याची पद्धत सांगितली होती. मूल आपल्या इयत्तेच्या दोन इयत्ता मागे असल्यास त्याला अक्षमता असल्याचे या चाचण्यांत धरले जाते.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. बुद्ध्यंक ७० ते ८५ च्या दरम्यान असलेली पुष्कळ मुले असतात. ती मतिमंद नव्हेत आणि अध्ययन अक्षम या व्याख्येतही बसत नाहीत. त्यांना प्रमाणपत्र मिळत नाही, सवलत मिळत नाही, आणि वर्गात मागेही तीच राहतात. पालक अहवाल हाती घेऊन ‘मग आता काय?’ असे विचारतात तेव्हा मानसशास्त्रज्ञाजवळ नियमाचे उत्तर नसते. अशा मुलांसाठी शिक्षकाची सावकाश शिकवण्याची तयारी हाच मुख्य आधार उरतो, आणि साठ मुलांच्या वर्गात तो किती मिळणार हे शिक्षक वाचकांस सांगावयास नको. या मुलांचा स्वतंत्र विचार धोरणात व्हावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

निदानानंतर

अहवाल म्हणजे निकालपत्र नव्हे. मुलाला काय येते, काय येत नाही आणि कोठून आरंभ करावा, हे त्यात लिहिलेले असावे. नसल्यास पालकांनी ते समजावून मागावे. अहवाल गोपनीय असतो. तो वर्गात वाचून दाखवणे किंवा शिक्षककक्षात टेबलावर पसरून ठेवणे सर्वस्वी गैर आहे.

वाचनाची अक्षमता औषधाने जात नाही. तिला उपचारात्मक अध्यापन लागते, म्हणजे विशेष शिक्षकाकडून, रोज थोडा वेळ, ध्वनीपासून अक्षराकडे व अक्षरापासून शब्दाकडे जाणारे शिक्षण. डोळा, कान आणि स्पर्श ही तिन्ही द्वारे एकाच वेळी वापरावीत असे आजचे तज्ज्ञ सांगतात. वाचकांतील वडीलधाऱ्यांना धूळपाटी आठवेल. पंतोजी मुलाचे बोट धरून धुळीत अक्षर गिरवून घेत आणि ते मोठ्याने म्हणवूनही घेत. त्या शाळेतील छडीचे कौतुक करण्याचे कारण नाही, पण धुळाक्षरांमागील युक्ती पक्की होती. आजही परातीत बारीक वाळू पसरून घरच्या घरी हा सराव करता येतो.

एडीएचडीच्या बाबतीत समुपदेशनाचा मोठा भाग मुलापेक्षा पालकांसाठी असतो. एका वेळी एकच सूचना द्यावी, कामाचे लहान तुकडे करावेत, आणि चांगले वागल्याची दखल तेथल्या तेथे घ्यावी. ‘दप्तर आवर, हात धू, जेवायला ये आणि उद्याचे पुस्तक काढून ठेव’ अशी चार कामे एका दमात सांगितली तर त्यांतील पहिलेसुद्धा होत नाही. वर्गात अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे आणि खडू आणणे, वह्या वाटणे अशी उठबशीची कामे त्याच्याकडे सोपवावीत. मारहाणीने काहीही साधत नाही; शिवाय शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. काही मुलांना औषधाची गरज पडते आणि त्याचा चांगला उपयोगही होतो; परंतु ते मनोविकारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञच देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देत नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारे व स्मरणशक्तीची बाटली विकणारे यांना शास्त्राचा आधार नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये.

सोयी व कागदपत्रे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची या कार्यक्रमात तपासणी होते. पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. तपासावयाच्या ३० बाबींमध्ये अध्ययनाच्या अडचणी व एडीएचडी यांचाही अंतर्भाव आहे, हे पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसते. पथक येईल त्या दिवशी अशा मुलांची नावे त्यांच्या पुढे ठेवावीत. पुढील तपासणीसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. ग्वाल्हेरचे जिल्हा रुग्णालय मुरार येथेच असल्याने तेथील पालकांनी प्रथम तेथे चौकशी करावी. त्याच शहरात गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय व १९३५ पासून चालत आलेली मानसिक आरोग्यशाला आहे. ‘आरोग्यशाळे’च्या नावाने दचकून मुलाची तपासणी टाळू नये.

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित असे त्यांचे स्वरूप होते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातील अध्ययन अक्षमता चिकित्सालयाने या कामी पुष्कळ अनुभव जमवला. त्याच वर्षी तेथे महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्थाही स्थापन झाली. दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ द्यावा, असे केंद्र शासनाचेही निर्देश आहेत. मध्य प्रदेशातील मुलास कोणती सवलत मिळेल हे त्याची शाळा ज्या मंडळाशी संलग्न आहे त्याच्या नियमांवर अवलंबून राहील. म्हणून दहावीच्या वर्षाची वाट न पाहता नववीच्या आरंभीच मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा.

प्रमाणपत्र एकटा मानसशास्त्रज्ञ देत नाही. २०१८ च्या तत्त्वांनुसार जिल्हा शल्यचिकित्सक किंवा तत्सम अधिकारी, बालरोगतज्ज्ञ वा मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक वा व्यवसायोपचारतज्ज्ञ अशा मंडळाकडून ते मिळते. वयाच्या आठव्या वर्षापूर्वी ते मिळत नाही व पुढे १४ आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी होते, अशी त्यांत तरतूद होती. मार्च २०२४ मध्ये सुधारित तत्त्वे निघाली असल्याने अर्ज करण्यापूर्वी रुग्णालयात चालू नियम विचारून घ्यावा. एडीएचडी हे नाव कायद्याच्या सूचीत स्वतंत्रपणे नाही. त्यासोबत अध्ययन अक्षमता असल्यास तिच्या आधारे अर्ज करता येतो. रुग्णालय दूर असल्यास आरंभीच्या सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. जन्मदाखला, शाळेचे पत्र, डोळे-कान तपासणीचे कागद, जुन्या वह्या आणि आधीच्या अहवालाची प्रत एका पिशवीत एकत्र ठेवावी. बदलीच्या नोकरीत गाव बदलले तर पुढच्या मंडळापुढे हीच पिशवी उघडावी लागते.